गोष्ट खरी असल्याची सही

रियाध, १३ सप्टेंबर २०१३

उसामा,

सलाम. कादिर खजुराचा डबा आणि झाकणाखाली ठेवलेलं तुझं पत्र, दोन्ही देऊन गेला. दर आठवड्याला हुफूफहून गाडी भरून येतो आणि तुझं पत्र पाकिटातल्या पैशांसारखं जपून आणतो बिचारा. खजूर इफराने दोन दिवसांत संपवले. पत्र वाचून मी हसले. अरे, चुलत बहिणीला लिहिलेल्या पत्रातही सहीखाली इकाम्याचा, राहण्याच्या परवान्याचा नंबर? मी काय पासपोर्ट कचेरीची, जवाजातची खिडकी आहे? या देशात कुठल्याही कागदावर सही केली की खाली नंबर लागतो हे मलाही ठाऊक आहे, पण मी मागितला नव्हता.

आता कामाचं. इथल्या एका कंपाउंडमधल्या परदेशी शाळेने दहावी ते बारावीच्या मुलांची परिषद ठेवली आहे, २५ आणि २६ ऑक्टोबरला. सगळ्या शाळांतून मुलं येणार. इंग्रजीत तिचं नाव 'स्टुडंट्स ऑफ कलर'ची परिषद असं आहे. मी इफराला विचारलं, कुठला कलर? ती म्हणाली, गोरे सोडून सगळे. मी म्हटलं, तुला तर गावी आमिनाचाची 'मैद्याची पोळी' म्हणायच्या, तू कशी त्यात? ती रागावून खोलीत गेली.

तिचं भाषण निवडलं गेलं होतं. पण परिषदेच्या बाईंनी वाचून विचारलं, हे सगळं छान आहे, पण तुझ्यावर स्वतःवर काय गुजरलं? आता हिच्यावर काय गुजरणार? एसीतून गाडीत, गाडीतून एसीत. तेव्हा घरातल्या, जवळच्या माणसाची खरी हकीकत चालेल असं ठरलं. पहिला येणाऱ्या मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी शिफारसपत्र मिळतं. तिचं सगळं वर्ष त्यावर आहे.

फोनवर तुझी जीभ अडते, म्हणून लिहून पाठव. तुझं काम, तुझा कफील, सगळं. तुला अक्षरं मी शिकवली आहेत, तेवढा हक्क समज.

तुझ्या दुल्हेभाईंच्या कानावर तुझं नाव त्यांच्या कंपनीवर ट्रान्सफर करायचं घातलं आहे. त्यांची कंपनी हिरव्यात आहे, एक माणूस घेणं त्यांना जड नाही. पासपोर्टची प्रत पाठवून दे.

उझमाआपा


हुफूफ, १८ सप्टेंबर २०१३

उझमाआपांस सलाम.

पासपोर्टची आणि इकाम्याची प्रत सोबत आहे, दोन दोन, कारण एक हरवू शकते.

तुम्ही विचारलं ते क्रमाने लिहितो. माझ्या इकाम्यावर 'शेतमजूर, खजूर बाग' असं आहे. ज्याच्या व्हिशावर आलो त्या कफीलच्या बागेत मी चार वर्षांत तीनदा गेलो. काम करतो ते झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात, म्हणजे दुसऱ्याकडे. हे बेकायदा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुकानाचा मॅनेजर विजयकुमार कायदेशीर आहे, म्हणून तो काउंटरला उभा राहतो. तपासणीची गाडी रस्त्यात दिसली की तो फक्त "यल्ला" म्हणतो आणि मी मागे कागदाच्या रिमांच्या आड बसतो. बसण्याआधी चपला आत घेतो. पहिल्या वेळी त्या बाहेर राहिल्या होत्या आणि तपासनीस त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता. एप्रिलपासून अकरा वेळा बसलो.

कफीलने मला मारलं आहे. एकदा. ७ फेब्रुवारी २०१२, मंगळवार, असरच्या नमाजानंतर. मी इकाम्याच्या नूतनीकरणाची पावती मागितली म्हणून. एक थप्पड, उजव्या हाताची. दुसऱ्या दिवशी त्याने पावती आणि घरचं जेवण पाठवलं. हेही इफराने लिहावं, नाहीतर हकीकत अपुरी होईल.

रंगाबद्दल मला सांगता येणार नाही. इथे माणसाचा रंग मला कोणी विचारला नाही, आस्थापनाचा विचारतात. सौदी माणसं पुरेशी ठेवली की हिरवा, कमी पडली की पिवळा, मग लाल. कफीलचा लाल झाला आहे. लाल असला की इकामा पुढे नवा होत नाही. हिरव्या कंपनीत नाव लावून घ्यायला ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे. त्यानंतर रस्त्यावरून उचलणार असं सगळे म्हणतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. रियाधला आलो तर मला दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसता येईल. मी चौकशी केली आहे. नववीची पुस्तकं माझ्या पेटीत आहेत. गणित इफराने शिकवलं तर होईल.

माझं नाव भाषणात घालू नये ही विनंती.

आपला,
उसामा इब्राहिम सरखोत
(नंबर या वेळी लिहिला नाही.)


रियाध, २७ सप्टेंबर २०१३

उसामा,

शाब्बास. इफरा वाचता वाचता रडली, म्हणजे मी तिला मराठी वाचून इंग्रजीत सांगत होते तेव्हा. तिने लगेच लिहून काढलं. सोबत पाठवते, टायपिंगवाला आहेस, तुला इंग्रजी वाचता येतंच. नाव बदललं आहे, तू आता 'युसुफ' आहेस.

काही ठिकाणी तिने वाढवलं आहे. मी म्हटलं, थप्पड एकच आहे, तू तीन का लिहिल्यास? ती म्हणाली, "मम्मी, वन स्लॅप इज नॉट अ स्टोरी." जेवणाचं तिने काढून टाकलं, गोंधळ होतो म्हणे. आणि युसुफचं या देशात कोणीच नाही असं केलं आहे. एकटा माणूस असला की ऐकणाऱ्याचं लक्ष हलत नाही.

सोबत एक फॉर्म आहे. हकीकत खरी आहे आणि ती सांगायला माझी हरकत नाही, असं ज्याची हकीकत त्याने सही करून द्यायचं. त्याशिवाय मंचावर चढू देत नाहीत. तो कोणी बघत नाही, फायलीत जातो. कादिरच्या हातीच परत पाठव.

दुल्हेभाई कामात बुडालेत. पण तुझ्या प्रती त्यांच्या ब्रीफकेसमध्ये आहेत, मी स्वतः ठेवल्या.

उझमाआपा


हुफूफ, ३ ऑक्टोबर २०१३

उझमाआपांस सलाम.

इफराचं इंग्रजी फार चांगलं आहे. मी तीनदा वाचलं. दुरुस्त्या वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत, त्या अशा:

थपडा तीन नाहीत, एक.
मी आंघोळ करताना रडतो असं आहे. मी रडलो नाही. न्हाणीघर सहा जणांत एक आहे, तेवढा वेळ मिळत नाही.
युसुफला लिहिता वाचता येत नाही असं आहे. येतं.
या देशात कोणी नाही असं आहे. तुम्ही आहात.

पहिली दुरुस्ती तरी कृपा करून करावी, कारण ती दुसऱ्या माणसाबद्दल आहे. कफील चांगला नाही, पण तो एवढाही वाईट नाही. परवा त्याने स्वतः मला बोलावून सांगितलं की मला सोडायला तो तयार आहे. दुसऱ्या कंपनीचं मागणीपत्र आलं की ईदनंतर तो सही करणार. "पत्र आण, मी तुझ्या वाटेत येणार नाही," असं म्हणाला. आता फक्त दुल्हेभाईंच्या कंपनीचं पत्र हवं.

फॉर्म भरून पाठवला आहे. सही तुम्ही शिकवल्याप्रमाणे पूर्ण नावाने केली. खाली इकामा नंबर, मोबाइल, कफीलचं नाव आणि त्याचा मोबाइल लिहिला. फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती, पण नंबर नसला की इथे कागद परत येतो आणि मग इफराचं अडेल. समासात लहान अक्षरात बसवलं.

परिषदेला मला येता येईल का? रात्री निघून पहाटे पोचेन. शेवटच्या खुर्चीवर बसेन. शाळेत मी आठ वर्षं गेलेलो नाही, आतून बघावीशी वाटते.

आपला,
उसामा इब्राहिम सरखोत


रियाध, ११ ऑक्टोबर २०१३

उसामा,

ईद चार दिवसांवर आली. तुझ्यासाठी कुर्त्याचं कापड कादिरजवळ देते.

परिषदेला येऊ नकोस. एक तर रस्त्यात तपासण्या चालल्यात, तुझ्यासारख्याने हुफूफ सोडायची ही वेळ नाही. दुसरं, इफरा मंचावरून सांगणार की युसुफचं इथे कोणी नाही, आणि तू आमच्या शेजारी बसून बिर्याणी खाणार, ते कसं दिसेल? दुल्हेभाईंच्या कंपनीचे डायरेक्टरही येणार आहेत, त्यांची मुलगी त्याच परिषदेत आहे. त्यांच्यासमोर आपल्या घरातला माणूस मजूर म्हणून बसलेला, हे तुझ्या दुल्हेभाईंना बरं वाटणार नाही. तू समजूतदार आहेस.

थपडांचं मी इफराला सांगितलं. ती म्हणाली, पाठ झालंय, आता बदललं तर अडखळेल. लहान आहे, जाऊ दे.

मागणीपत्र ईदनंतर नक्की. त्यांनी स्वतः म्हटलं, परिषद एकदा पार पडू दे, मग डायरेक्टर खुशीत असताना सही घेतो.

उझमाआपा


रियाध, २७ ऑक्टोबर २०१३

उसामा,

पहिली आली. काय सांगू तुला. सुदानची, फिलिपिन्सची, पाकिस्तानची, कुठली कुठली मुलं होती, पण इफराच्या वेळी हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. तिने तीन वेळा टाळी वाजवली, प्रत्येक थपडेला एक. तिसरीनंतर ती नुसती उभी राहिली. समोरच्या गोऱ्या बायका रुमाल काढून बसल्या होत्या. दुल्हेभाईंनी सगळं मोबाइलवर घेतलं आहे.

नंतर बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक मुलाचं भाषण आणि फोटो लावले होते, आणि त्याखाली हकीकत खरी असल्याचा फॉर्म. इफराचाच तेवढा फॉर्म पूर्ण भरलेला होता, नंबर, नावं, सगळ्यासकट. बाकीच्यांचे नुसते सह्यांचे. परीक्षक बाई म्हणाल्या, हिच्याच गोष्टीला पुरावा आहे. म्हणजे बक्षिसात तुझाही वाटा आहे बरं का.

एक बाई तर फॉर्मसमोरून हलेनात. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि इफराचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, या माणसासाठी आम्ही काहीतरी करणार. त्यांच्या नवऱ्याच्या मोठमोठ्या ओळखी आहेत. बघ, तुझं नशीब कसं उघडतंय.

मागणीपत्राचं या आठवड्यात होईल.

उझमाआपा


हुफूफ, ३० ऑक्टोबर २०१३

उझमाआपा,

हे पत्र कादिर थांबलेला असताना लिहितो आहे. अक्षर खराब आलं तर माफ करा.

त्या बाईंना थांबवा. त्यांनी फोटो कुणाला पाठवला ते विचारा आणि त्यांनी पुढे काहीही करू नये असं सांगा. त्यांनी भल्यासाठी केलं हे मला कळतं.

काल कामगार कचेरीतून कफीलला फोन गेला. तुझ्या मजुराने तक्रार केली आहे, तीन वेळा मारल्याची. माझा नंबर, त्याचा नंबर, सगळं त्यांच्याकडे होतं. आज दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर तो दुकानात आला. तो ओरडला नाही. त्याने मोबाइलवरचा कागद माझ्यासमोर धरला. माझंच अक्षर होतं. त्याने विचारलं, "तीन?" फोनवर अडते तशी जीभ अडली. 'एक' एवढंच म्हणायचं होतं, ते निघालं नाही. विजयकुमारने मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला. पुढे जे झालं ते महत्त्वाचं नाही. जाताना तो म्हणाला, "खलास. आता तू माझा माणूस नाहीस."

विजयकुमार म्हणतो की तो हुरूब नोंदवेल, म्हणजे मी पळून गेलो असं. तसं नोंदलं की कुठलीच कंपनी मला घेऊ शकत नाही. कचेरीत नोंद चढायला एक-दोन दिवस लागतात. आज बुधवार आहे. दुल्हेभाईंच्या कंपनीचं पत्र उद्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत आलं तर ते घेऊन मी त्याच्या पाया पडेन. तो घेईल. त्याच्या घरचं जेवण मी खाल्लं आहे.

पत्र छापलेलं नसेल तर मजकूर मी इथे टाइप करून सोबत पाठवला आहे. फक्त सही आणि शिक्का हवा. कादिर उद्या दुपारी तुमच्या दाराशी थांबेल. तो म्हणाला आहे की रिकाम्या हाताने निघणार नाही.

उसामा


रियाध, ८ नोव्हेंबर २०१३

उसामा,

कादिर त्या दिवशी दारात तीन तास बसून होता. तुझे दुल्हेभाई ऑफिसातून उशिरा आले आणि येतानाच चेहरा पडलेला होता. कादिर रिकाम्या हाताने गेला आणि आता त्याचा फोनही लागत नाही, त्याचेही कागद नीट नव्हते म्हणे. हे पत्र एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर विजयकुमारच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुला मिळेल ना?

खरं सांगते. तुझं मागणीपत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं, ईदच्या आधीपासून. ते डायरेक्टरपुढे न्यायचं राहिलं. परिषदेनंतर न्यायचं ठरलं, आणि परिषदेत डायरेक्टरनी भिंतीवरचा फॉर्म वाचला. त्यांनी दुल्हेभाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "हा तुमच्या नात्यातला आहे का?" त्यांच्या कंपनीत सध्या एकेका परदेशी माणसाची छाननी चालली आहे, कुणाला काढायचं याच्या याद्या होताहेत. बेकायदा काम करणारा मेहुणा आहे असं कसं सांगतील? त्यांनी नाही म्हटलं. कोणी नाही, मुलीने कुठूनशी मिळवलेली हकीकत आहे. आता नाही म्हटलेल्या माणसाचं मागणीपत्र कोणत्या तोंडाने नेणार? तू त्यांच्या जागी असतास तर काय केलं असतंस?

रस्त्यावरून माणसं उचलताहेत, रोज ऐकते. तुला धरलं आणि विचारलं तर आमचं नाव सांगू नकोस. रियाधमध्ये कोणी नाही असं सांग. तसंही कागदावर तेच आहे. आणि काही दिवस या पत्त्यावर लिहू नकोस.

इफरा तुला विचारत होती. मी सांगितलं, मामू गावी गेला.

उझमा


रियाध, २ डिसेंबर २०१४

उसामा,

वर्ष झालं. गावाहून तुझी खबर मिळत असते. आमिनाचाचींनी फोनवर सांगितलं की तू वीस दिवस इथल्या कोठडीत होतास आणि आल्यापासून कमी बोलतोस. तू आधीही कमीच बोलायचास, मी त्यांना म्हटलं. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात लागलास हे ऐकून बरं वाटलं. शेवटी हातातलं काम उपयोगी पडतं.

इफराचं अमेरिकेतल्या कॉलेजात होत आलं आहे. अर्जातला निबंध तिने युसुफवरच लिहिला, त्याला परत पाठवलं इथपर्यंत. कॉलेजवाल्यांना तो इतका आवडला की त्यांनी खात्रीसाठी एक फॉर्म पाठवला आहे. तोच प्रकार, हकीकत खरी असल्याची सही. सोबत आहे. या वेळी नंबरबिंबर काही लिहू नकोस, नुसती सही. १५ तारखेच्या आत कुरियरने पाठव, कुरियरचा खर्च आम्ही देऊ.

मनात काही ठेवू नकोस. तुझ्या हाताने एका मुलीचं आयुष्य बनतंय, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

उझमाआपा


८ डिसेंबर २०१४

उझमाआपांस सलाम.

फॉर्म मिळाला. निबंध वाचला. भरून परत पाठवतो आहे, सोबत एक प्रतही, कारण एक हरवू शकते.

मागच्या वर्षी ३ ऑक्टोबरला मी चार दुरुस्त्या पाठवल्या होत्या. तो कागद जपला असेल तर त्यातली पहिली रद्द समजावी. थपडांचा आकडा मी एक म्हटला होता. तेव्हा तो बरोबर होता. ३० ऑक्टोबरला कफीलने मोबाइलवरचा कागद दाखवून "तीन?" असं विचारलं, इथपर्यंत मी तुम्हाला लिहिलं होतं. माझी जीभ अडली, तेव्हा तो म्हणाला, "तीन लिहिलंस ना? मग दोन राहिल्या आहेत." आणि त्याने त्या दिल्या, मोजून, विजयकुमारसमोर, काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी असताना. त्याला खोटं ठरायचं नव्हतं, असं मला वाटतं. तेव्हा निबंधातला तीन हा आकडा आता बरोबर आहे. इफराला बदलावा लागणार नाही.

दुसरी, आंघोळ करताना रडण्याची दुरुस्तीही रद्द समजावी. कोठडीत न्हाणीघर दीडशे जणांत चार होती, तरी तेवढा वेळ मिळाला.

तिसरी, लिहिता वाचता येण्याची, कायम आहे.

दहावीला मी बसलो नाही. पुस्तकांची पेटी दुकानातच राहिली, परत आणायला जाऊ दिलं नाही. बोटांचे ठसे घेतले आहेत, तिकडे पुन्हा येता येणार नाही. इफराने गणिताची काळजी करू नये.

फॉर्मवर सही पूर्ण नावाने केली. खाली काही लिहिलेलं नाही, लिहायला नंबर उरलेला नाही.

या फॉर्ममध्ये मागच्यापेक्षा एक रकाना जास्त आहे: विद्यार्थिनीशी नातं. हा मी बराच वेळ कोरा ठेवला होता. मग विचार केला की दुल्हेभाईंनी डायरेक्टरसाहेबांना जे उत्तर दिलं आणि इफराने मंचावरून जे सांगितलं, त्याच्याशी हे जुळायला हवं. वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी उत्तरं असली की तिचं अडेल. म्हणून तेच लिहिलं आहे: कोणी नाही. चौथी दुरुस्तीही त्यामुळे रद्द झाली.

कुरियरचा खर्च मी भरला आहे.

उसामा इब्राहिम सरखोत